रोजचे फोटो गटात द्यायचे कसे: लेन्स पुसण्यापासून प्रिंट हातात येईपर्यंत

सांगली-मिरजेतल्या आम्हा चौदा हौशी लोकांचा फोटोंचा गट आहे. रोज व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे आणि महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर प्रिंट घेऊन बसायचं, एवढाच कारभार. गटात नवा माणूस आला की त्याच चुका पुन्हा होतात. मीही त्या केल्यात. पहिल्याच आठवड्यात हरिपूरच्या संगमावरचे त्रेचाळीस फोटो मी एका दमात गटात ओतले होते. त्यातला एकही आज कुणाला आठवत नाही, मलासुद्धा नाही.

फोटो बहुतेकांचे बरे असतात. घोळ होतो तो क्रमात. लोक आधी पाठवतात, मग नीट बघतात, मग 'हा नको होता' म्हणत पुसत बसतात. म्हणून खाली सगळं कामाच्या क्रमानंच लिहिलंय. हे आहे रोजच्या फोटोंसाठी: टपरी, बाजार, वाळवण, नदीकाठ, स्टँडवरची गर्दी. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्यांनी आणि पक्ष्यांमागं पहाटे धावणाऱ्यांनी हे वाचून वेळ घालवू नये.

## १. बाहेर पडण्याआधी

घड्याळ. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळतं, कॅमेऱ्याचं तसं नसतं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की काही कॅमेरे तारीखच विसरतात. आमच्यातल्या एका मास्तरांचे फोटो दोन वर्षं मागच्या तारखेनं पडायचे. सामायिक अल्बममध्ये ते तळाला जाऊन बसायचे आणि मास्तर रुसायचे, 'माझे फोटो कुणी बघतच नाही.' महिन्यातून एकदा कॅमेऱ्याची तारीख-वेळ फोनशी जुळवून घ्या.

लेन्स. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच. दिव्याभोवती येणारं धुरकट वलय हे धुकं नव्हे, ते तुमचं बोट. मऊ सुती कापडानं पुसा. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जाऊन आला असाल तर मात्र कापड लगेच लावू नका. आधी ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्यानं, धूळ उडवा, मग पुसा. धूळ असतानाच घासलं तर काचेवर बारीक ओरखडे पडतात, आणि ते निघत नाहीत.

फॉरमॅट. आयफोन आणि काही अँड्रॉइड फोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात. जुन्या फोनवर, जुन्या विंडोजवर ही फाइल उघडत नाही आणि गटातले निम्मे लोक 'दिसत नाही' म्हणून बोंब मारतात. आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथं जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. म्हणजे साधी जेपीईजी मिळेल.

लोकेशन. घराच्या आसपासचे, मुलांचे, शेजाऱ्यांचे फोटो काढणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. का ते सहाव्या टप्प्यात येईल.

## २. घरी आल्यावर पहिलं काम: प्रत

चहा नंतर. आधी त्या दिवशीचे सगळे फोटो दुसऱ्या एका जागी उतरवा: संगणकावर, हार्ड डिस्कवर किंवा गूगल फोटोजवर. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही बसतात. २०२१च्या जूनपासून कमी आकारात चढवलेले फोटोही त्या १५ जीबीत मोजले जातात. तेव्हा 'गूगलवर आहेत की' म्हणून निर्धास्त राहू नका. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि महिनाभर आपल्या लक्षात येत नाही.

तपासा: प्रत झाल्यावर तिथला एक फोटो प्रत्यक्ष उघडून मोठा करून बघा. नुसती यादी दिसली म्हणजे प्रत झाली असं नाही. ही तपासणी होईपर्यंत मेमरी कार्ड पुसायचं नाही.

आणि मूळ फाइलवर कधीच कारागिरी करू नका. जे करायचं ते नकलेवर.

## ३. निवड

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक इथंच सगळ्यात कमी देतात.

फोटो काढल्यावर लगेच निवडायला बसू नका. मध्ये एक रात्र जाऊ द्या. जागेवर असताना उकाडा, वास, गडबड, एखाद्या माणसाशी झालेलं बोलणं हे सगळं आपल्या डोक्यात असतं आणि ते फोटोतही आहे असं वाटत राहतं. दुसऱ्या दिवशी फक्त फोटो उरतो.

मग तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत फक्त बाद करायचं. हललेले, डोळे मिटलेले, कुणाच्या तरी कोपरानं अर्धी चौकट खाल्लेले. इथं 'छान कोणता' हा विचार करायचाच नाही.

दुसऱ्या फेरीत जुळी भावंडं वेगळी करा. एकाच दृश्याचे सहा फोटो असतील तर त्यातला एक ठेवा. दोघांत अडलात तर दोन्ही मोठे करून माणसाच्या डोळ्यावर नजर लावा. लहान चौकोनात दोन्ही सारखेच दिसतात. मोठं केल्यावर एकाची नजर शाबूत असते आणि दुसऱ्याची हललेली.

तिसऱ्या फेरीत फोन पालथा ठेवा आणि स्वतःला विचारा, आता कोणता आठवतोय? जो आठवतो तो पाठवायचा.

आमच्या गटात एक दिवाणजी आहेत, अडत दुकानातले. सौद्याच्या हंगामात त्यांनी एका सकाळी साठेक फोटो काढले. हळकुंडांचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, बोली लावणाऱ्यांचा घोळका. त्यांनी बारा पाठवले, बाराही ढिगांचे. गच्चीवर बसलो तेव्हा सहज त्यांचा फोन चाळताना ट्रॅशमध्ये एक फोटो दिसला. पोत्यावर ठेवलेला चहाचा काचेचा ग्लास, अर्धा प्यालेला, आणि काचेवर चार बोटांचे पिवळेधम्मक ठसे. अंगठ्याचा पलीकडच्या बाजूला, चहातून अंधुक दिसणारा. माणूस चौकटीत नाहीच. 'हा का काढून टाकला ओ?' म्हटलं. 'यात हळद कुठाय?' असं उत्तर आलं.

हळद तिथंच होती. बारा ढिगांत नव्हती.

तर पुसून टाकलेलेही महिनाभरात एकदा चाळा. बहुतेक फोन पुसलेला फोटो साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये ठेवतात, त्यानंतर गेला तो गेला.

आकडा किती? रोजच्या फोटोसाठी एक. मालिका असेल तर तीन, आणि फार झालं तर पाच. पाचव्यानंतर बघणारा अंगठ्यानं ढकलत जातो. आपणही तेच करतो, मग दुसऱ्याला नावं कशाला ठेवायची?

## ४. माणूस ओळखू येतोय? मग विचारा

फोटो काढायला 'हो' म्हणणं आणि तो चौदा फोनवर जायला 'हो' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही विचारा. आपल्याकडं साधं वाक्य पुरतं: 'मावशी, फोटो चांगला आलाय, आमच्या मित्रमंडळींना दाखवू का?' नाही म्हणाल्या तर तिथंच पुसा, त्यांच्या डोळ्यांदेखत. हो म्हणाल्या तर एक प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी बसायला पोतं मिळेल.

सावधान: लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. घाटावर आंघोळ करणारी, धुणं धुणारी माणसं नाहीत. दवाखान्याच्या दारात नाही. पुरात घर सोडून निघालेल्यांचे चेहरे तर अजिबात नाहीत, प्रकाश कितीही सुंदर असो.

## ५. हलकी सफाई, आणि तीही क्रमानं

स्नॅपसीडसारखं फुकटचं ॲप पुरेसं आहे. क्रम असा: सरळ करणं, कापणं, उजेड, रंग. उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं, कारण तिरका फोटो सरळ करताना चारी कडा थोड्या कापल्या जातात. आधी काटेकोर क्रॉप करून मग सरळ करायला गेलात की कडेला ठेवलेला माणसाचा हात उडतो.

सरळ करताना एक पक्की रेघ धरा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फोटोत बरेच जण नदीच्या काठाची रेघ धरतात आणि फसतात, कारण काठ लांब जाताना वळतो. पुलाचे खांब धरा, चौकटीच्या मध्याजवळचा खांब उभा करा. फोन वर करून काढला असेल तर खांब माथ्याकडं एकमेकांकडं झुकतात. ते नुसतं फिरवून जात नाही, त्यासाठी पर्स्पेक्टिव्ह हे वेगळं साधन आहे. बेतानंच वापरा.

उजेड वाढवताना आधी सावल्या उचला, सगळा फोटो नको. नदीवरची सकाळ जरा अंधारीच बरी दिसते.

आता रंग, म्हणजे आपल्याकडं पिवळा. राजापुरी हळदीच्या ढिगाचा रंग मुळातच इतका भडक असतो की फोटोत लाल रंगाचा भाग (पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरवा मिळून बनतो) कमाल मर्यादेला टेकलेला असतो. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की हळकुंडांमधल्या सावल्या बुजतात आणि ढिगाचा एक सपाट पिवळा डाग होतो. फोटो मोठा करा. एकेक हळकुंड, त्याच्या गाठी, मोडलेल्या टोकाचा केशरी रंग वेगळा दिसतोय का? नसेल तर सॅच्युरेशन कमी करा आणि उजेडही किंचित खाली आणा.

दुसरी गंमत अशी की चौकटभर पिवळं दिसलं की फोनला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं निळ्याकडं ओढतो. मग हमालाचा पांढरा सदरा निळसर पडतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं, ढिगावरून लावू नका, सदऱ्यावरून किंवा टोपीवरून लावा.

तपासा: मूळ आणि सुधारलेला फोटो शेजारी ठेवा. 'काय केलंय?' हे लगेच सांगता येत असेल तर जास्त केलंय. निम्मं मागं घ्या.

## ६. फोटोच्या पोटातली माहिती

प्रत्येक फाइलच्या पोटात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. पण दर्जा टिकावा म्हणून तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर पोटातलं सगळं जसंच्या तसं पोचतं. म्हणजे आईनं गच्चीवर घातलेल्या सांडग्यांचा फोटो आणि त्याबरोबर घराचा पत्ता.

म्हणून डॉक्युमेंट करण्याआधी लोकेशन काढा. आयफोनवर शेअर करताना वर 'ऑप्शन्स' येतं, त्यात लोकेशन बंद करता येतं. विंडोजवर फाइलवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि खाली माहिती काढून टाकण्याची ओळ आहे. अँड्रॉइडवर गॅलरीनुसार फरक पडतो. फोटोच्या तपशिलात नकाशा दिसत असेल तर तिथंच काढण्याची सोयही बहुधा सापडते. नाहीच सापडली तर असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका.

पोटातलं झालं, आता अंगावरचं बघा. गाडीची नंबरप्लेट, दारावरची पाटी, दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला मोबाइल नंबर, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं नाव. क्रॉप करा किंवा पुसट करा.

## ७. कोणत्या रस्त्यानं पाठवायचा

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ४०००×३०००चा फोटो पोचतो तेव्हा जेमतेम दोन मेगापिक्सेलचा उरलेला असतो. वर दिसणारी 'एचडी' खूण दाबली तर बराच वाचतो, तरी दाबला जातोच. तेव्हा काम बघून रस्ता निवडा.

नुसतं दाखवायचं असेल तर एचडी पुरे. कुणी बारकाईनं बघून मत द्यावं असं वाटत असेल तर लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि जेपीईजीचा दर्जा शंभरात ८५च्या आसपास ठेवून नक्कल काढा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अशी फाइल बहुतेक वेळा एक-दीड एमबीच्या आतच बसते, कुणाचा डेटा खात नाही. प्रिंटसाठी किंवा महिन्याच्या बैठकीसाठी देताना मात्र पूर्ण आकाराची फाइल, सामायिक अल्बमात.

सावधान: गटातून आलेला आपलाच फोटो सेव्ह करून, जरा कापून पुन्हा पाठवू नका. तो दुसऱ्यांदा दाबला जातो आणि आकाशात चौकोनी ठिपके दिसायला लागतात. दरवेळी मूळ फाइलकडं जा. स्क्रीनशॉट काढून पाठवणाऱ्यांशी आम्ही दोन दिवस बोलत नाही.

फाइलला नाव द्या. आयएमजी आणि पुढं चार आकडे अशा नावाच्या चौदा जणांच्या फाइली एका अल्बमात आल्या की कुणाची कोणती ते देवाला ठाऊक. तारीख, जागा, आपलं नाव एवढं पुरे.

## ८. खाली दोन ओळी आणि एक प्रश्न

'शुभ सकाळ' लिहू नका. कुठं, कधी आणि काय चाललं होतं, एवढं दोन ओळींत लिहा. त्यानंतर एकच प्रश्न. 'कसा आहे?' हा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर 'मस्त' हेच येणार. असं लिहा:

'मिरज, सतारमेकर गल्ली, बुधवार, दुपारी चार. कोरलेले भोपळे दारात वाळत घातले होते. उजवीकडची सायकल ठेवली ती खटकते का?'

यावर सात जणांची उत्तरं आली, त्यातली पाच 'खटकते'. आता पुढं काय करायचं ते काढणाऱ्याला कळलं.

पावसाळ्यात तारीख आणि वेळ ही हौस राहत नाही, जबाबदारी होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी पस्तिशी ओलांडायला लागलं की शहरभर फोन वाजायला लागतात, आणि त्यात ऑगस्ट २०१९च्या महापुराचे फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरतात. कुणीतरी ते बघून म्हाताऱ्या आईला घेऊन रात्रीत घर सोडतं. म्हणून आमच्याकडं नियम आहे: पाण्याचा फोटो टाकताना तारीख आणि वेळ चित्रावरच लिहायची, खाली नाही, कारण पुढं ढकलताना खालच्या ओळी गळू शकतात. जुना फोटो असेल तर वर्ष ठळक. हे न करता टाकला तर तो लगेच काढायचा, मग टाकणारा कितीही ज्येष्ठ असो.

## ९. दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना

निम्मे लोक फक्त टाकतात, बोलत नाहीत. आमचा अलिखित हिशोब आहे: स्वतःचा एक टाकायचा तर आधी दोघांच्या फोटोंवर लिहायचं.

लिहायचं काय? आधी नजर कुठं गेली ते सांगा. 'माझं लक्ष पहिल्यांदा होडीवाल्याच्या पायाकडं गेलं.' मग काय अडलं ते. मग जमलं तर एक उपाय. कॅमेरा कोणता, लेन्स कितीची, हे शेवटी, विचारलं तरच. आणि दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता आपण 'सुधारून' गटात टाकू नये. मी एकदा एका काकूंचा फोटो असाच उजळ करून दाखवला. काकू एवढंच म्हणाल्या, 'मला अंधारच हवा होता, बाळा.' त्यानंतर विचारतो.

फोटो दुसऱ्या गटात न्यायचा असेल तर मालकाला विचारा, आणि नाव काढून टाकू नका.

## १०. प्रिंट

फोन ४:३ प्रमाणात फोटो काढतो, बाजारातला नेहमीचा ४×६ इंची कागद ३:२ प्रमाणाचा. म्हणजे कागद भरायचा तर आडव्या फोटोची उंची सुमारे अकरा टक्के कापली जाणारच. कुठून कापायची हे तुम्ही नाही ठरवलं तर मशीन ठरवतं. माझ्या पहिल्या वीस प्रिंटमधल्या सहांत माणसांची डोकी केसांपासून उडाली होती. दुकानदाराला बोलून उपयोग नव्हता, मीच तसे दिले होते. देण्याआधी स्वतः ३:२ मध्ये कापून द्या, किंवा 'पांढरी पट्टी ठेवून पूर्ण फोटो' असं तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या.

आकाराचा हिशोब सोपा आहे. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ४×६ला १२००×१८०० लागतात, म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेली फाइलही कशीबशी निभावते. ८×१२ला २४००×३६०० हवेत. तिथं १६०० पिक्सेलची फाइल दिली तर इंचाला १३३च पडतात आणि चेहरे मेणासारखे दिसतात. दुकानात नेण्याआधी फाइलच्या तपशिलात पिक्सेलचा आकडा बघा, एमबीचा नको.

पहिल्यांदा एकच प्रिंट काढा, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा. फोनच्या उजळ पडद्यावर बरोबर वाटलेला फोटो कागदावर बहुधा अंधारा येतो. तसं झालं तर थोडा उजळ करून मग बाकीचे द्या.

मागच्या बाजूला तारीख, जागा आणि नाव मऊ पेन्सिलनं, कडेला लिहा. बॉलपेननं दाबून लिहिलं तर अक्षरं पुढून उमटतात. पेन्सिल ज्या कागदावर उठत नाही तिथं छोटं लेबल चिकटवा. प्रिंट एकावर एक ठेवताना मध्ये कोरा कागद घाला.

आणि गच्चीवर बसल्यावर भडंगाचं पातेलं प्रिंट बघून होईपर्यंत जिन्यातच ठेवायचं. तेलाचा ठसा फोटोवरून पुसता येत नाही.